रिपोर्ट नॉर्मल आहे

रात्रीचे दोन वाजलेले असतात. वसईतल्या गिरीजच्या एखाद्या वाडीतल्या घरात अचानक दिवा लागतो. घरातली सून अंथरुणात उठून बसलेली असते. छातीत धडधड, डाव्या हाताला मुंग्या, घशाला कोरड, अंगाला दरदरून घाम. "मला काहीतरी होतंय, मी जगत नाही," एवढंच तिच्या तोंडून निघतं. नवरा शेजाऱ्याला उठवतो, रिक्षा निघते. इस्पितळात ईसीजी काढतात, रक्तदाब बघतात. ड्युटीवरचे डॉक्टर कागदाची ती लांब पट्टी निरखून सांगतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका."

घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिचा पडत नाही.

ही कुणा एकीची हकिकत नाही, अनेकींच्या आणि अनेकांच्या हकिकती मिळून ही झाली आहे. वसईतल्या कोणत्याही फॅमिली डॉक्टरांना विचारा, अशा माणसांची ओळख त्यांना नक्की असेल. रिपोर्ट नॉर्मल, मग मला झालं ते काय, हा प्रश्न घेऊन माणूस घरी येतो आणि पंधरा दिवसांनी तीच रात्र पुन्हा उगवते. मग दुसरे डॉक्टर, टू-डी इको, थायरॉइडची तपासणी, ॲसिडिटीच्या गोळ्या. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं नोव्हेना कर, कुणी म्हणतं मनाला लावून घेऊ नकोस. पर्समध्ये हृदयविकाराच्या सॉर्बिट्रेट गोळ्यांची पट्टी येऊन बसते. रविवारच्या मिस्साला ती दाराजवळचा शेवटचा बाक धरते, वाटलं तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. विरार लोकल सुटते ती वेगळ्याच भीतीने. गर्दीची तर सवय असते, पण गाडी नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावर सिग्नलला थांबली तर? तिथे उतरणार कुठे? गाडी सुटल्यावर नोकरी सुटते. मग लग्नाचे मांडव, मग बाजार. वर्षभरात तिचं जग वाडीच्या कुंपणाशी येऊन थांबतं.

या आजाराला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. त्यात हृदय बिघडलेलं नसतं. धोक्याच्या वेळी शरीरात जे ॲड्रेनलिन उसळतं, तेच धोका नसताना उसळतं. हृदय जोरात पळतं, श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत लाट शिखरावर पोचते आणि ओसरू लागते. हे सगळं पुस्तकात फार पूर्वीपासून आहे. पण ज्याला ते होतंय त्याने त्या दहा मिनिटांत करायचं काय, या प्रश्नाचं एक उत्तर ज्या माणसाला सापडलं, तो स्वतः याच आजाराने मेटाकुटीला आला होता.

स्टीव्हन हेज हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. जन्म १९४८ चा. १९७८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो इथल्या विभागात तरुण प्राध्यापक होते. विभागाची बैठक चालू होती आणि ज्येष्ठ प्राध्यापक एकमेकांवर तुटून पडले होते. हे भांडण थांबवावं म्हणून हेज यांनी हात वर केला. त्यांना बोलायची संधी मिळाली. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता. इतरांनी वाट पाहिली आणि मग पुन्हा भांडणाला सुरुवात केली. हेज गुपचूप बाहेर पडले.

एवढ्यावर भागलं असतं. पण हेज हे वर्तनोपचारात तयार झालेले, चिंतेवरचे सगळे उपाय त्यांना तोंडपाठ. त्यांनी ते एकामागून एक स्वतःवर चालवले. शरीर सैल सोडणं, दुसरीकडे लक्ष वळवणं, भीतीच्या विचारांशी वाद घालणं, दाराजवळ बसणं. झटके वाढतच गेले. आधी बैठकीत यायचे, मग वर्गात शिकवताना, मग लिफ्टमध्ये, दुकानात, फोनवर बोलताना. पुढची दोन-तीन वर्षं हा माणूस विद्यार्थ्यांना मानसोपचार शिकवत होता आणि स्वतः आतून कोसळत होता. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. त्यांच्याकडे ज्ञान कमी नव्हतं. त्या ज्ञानाचा वापर ते पळून जाण्यासाठी करत होते.

मग एक रात्र आली, तीही दोनच्या सुमाराची. छातीवर दाब, हाताला कळ, हृदयाचे ठोके चुकत असलेले. हेज गालिच्यावर बसून होते. यावेळी हा पॅनिक नाही, खराच हार्ट ॲटॅक आहे, अशी त्यांची खात्री पटली. रुग्णवाहिका बोलवावी असं मनात आलं. आणि मग पुढचं सगळं दृश्य त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. आपल्याला स्ट्रेचरवरून नेताहेत, नळ्या आणि तारा लावताहेत, आणि एक तरुण डॉक्टर ओठांत हसू दाबत सांगतोय की हा हार्ट ॲटॅक नाही, पॅनिक ॲटॅक आहे. म्हणजे आपल्या गिरीजच्या सुनेला मिळतो तोच निरोप. त्या क्षणी त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. पळायला आता जागाच उरली नव्हती. त्यांनी स्वतःला शब्द दिला की यापुढे मी माझ्यापासून पळणार नाही. भीती येईल तर येऊ दे, धडधड होईल तर होऊ दे, मी इथेच बसेन आणि मला जे करायचं आहे ते करेन.

उपचारपद्धतीचा जन्म असा रात्रीत होत नाही, तो पुढे दोन दशकं चालला. पण उगमाची जागा ही. आपल्याला का असं होत होतं, त्याचा एक धागाही हेज यांना पुढे सापडला. आठ-नऊ वर्षांचे असताना आईवडिलांच्या कडाक्याच्या भांडणात ते पलंगाखाली लपून रडले होते. बैठकीतल्या त्या प्रौढ माणसांच्या भांडणाने तोच मुलगा जागा झाला होता. आपण ज्या भावनेला शत्रू समजून झोडपत होतो ती एका घाबरलेल्या पोराची होती, हे कळल्यावर तिच्याशी लढण्यात काय अर्थ होता?

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. हेज यांची तपासणी झालेली नव्हती, तरी त्यांनी रुग्णवाहिका बोलावली नाही. तुम्ही तसं करू नका. छातीत दुखलं की पहिल्यांदा ईसीजी काढायलाच हवा. ही सगळी कथा रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतरची आहे.

हेज यांच्या कितीतरी आधी याच वाटेवर एक बाई येऊन गेली होती. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर वीक्स सुरुवातीला प्राणिशास्त्रज्ञ होत्या, सरड्यांवर संशोधन करायच्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना क्षय झाल्याचं चुकीचं निदान झालं आणि सहा महिने आरोग्यधामात पडून काढावे लागले. बाहेर आल्या त्या धडधडणारं हृदय घेऊनच. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राला त्यांनी हे सांगितलं. तो म्हणाला, खंदकात आमचंही असंच व्हायचं. हृदय पळतंय कारण तुला त्याच्या पळण्याची भीती वाटते आहे. त्या एका वाक्याने वीक्स सुटल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी घाबरलेल्या माणसांसाठी पुस्तक लिहिलं. सामोरं जा, स्वीकार कर, तरंगत राहा, वेळ जाऊ दे, असा त्यांचा सल्ला होता. लाखो वाचकांनी तो मानला. विद्यापीठांनी मात्र तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

भीतीला हाकललं की ती जास्त चिकटते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. औषध देताना वैद्य बजावतो, घेताना माकडाची आठवण काढू नका. आणि मग प्रत्येक घोटाला माकड समोर येतं. १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर यांनी अमेरिकेत हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. विद्यार्थ्यांना पाच मिनिटं मनातलं मोठ्याने बोलायला लावलं. अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. नंतर मोकळीक दिल्यावर, आधी विचार दाबलेल्यांना अस्वल अधिकच आठवलं. वैद्याची गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. पण ज्या बाईच्या डोक्यात 'मी वेडी होणार' हे माकड बसलंय तिला आपण दिवसभर हेच तर सांगत असतो, तो विचार काढून टाक.

हेज यांनी उपचाराची दिशा इथून वळवली. विचार काढायचा नाही, खोडायचाही नाही. तो विचार आहे एवढं ओळखायचं. त्यासाठीचा त्यांचा एक साधा खेळ कुणालाही घरी करून बघता येईल. 'दूध' हा शब्द घ्या. आधी शांतपणे एकदा म्हणा. डोळ्यांसमोर पांढरा रंग येतो, सायीची चव येते, तापवलेल्या भांड्याचा वास येतो. आता तोच शब्द मोठ्याने, भराभर, अर्धा-पाऊण मिनिट म्हणत राहा. दूधदूधदूधदूध. थोड्याच वेळात रंग जातो, चव जाते, उरतो तो तोंडातून निघणारा एक विचित्र आवाज. टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वीच टिपलं होतं. हेज यांनी ते रुग्णांच्या मदतीला आणलं. मग त्याच पद्धतीने स्वतःला टोचणारा एखादा शब्द म्हणायचा, 'नालायक' किंवा 'वेडी'. शब्द तोच राहतो, डंख कमी होतो. मी हे केलं तेव्हा प्रथम हसू आलं आणि मग बराच वेळ गप्प बसावंसं वाटलं.

हा झाला अर्धा भाग. दुसऱ्या अर्ध्याशिवाय पहिला पांगळा आहे. भीती असू द्यायची, पण कशासाठी? तुला काय मोलाचं वाटतं, असा प्रश्न उपचारक विचारतो. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचंय. माहेरच्या लग्नात मांडवात बसायचंय. नोकरीवर परत जायचंय. मग त्या दिशेने पहिलं पाऊल ठरतं, अगदी छोटं. वसई रोड स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं, गाडी पकडायची नाही. नंतर दुपारच्या रिकाम्या गाडीने एकच स्टेशन, नायगाव. मग खाडीपूल. धडधड होईलच. तिला बरोबर घेऊनच पूल ओलांडायचा. म्हणून या पद्धतीचं नाव स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धती, थोडक्यात 'ॲक्ट'. स्वीकार म्हणजे हार मानणं किंवा नशिबाला शरण जाणं, असा अर्थ घेणाऱ्यांनी हा दुसरा भाग पाहिलेला नसतो. नवऱ्याची मारझोड किंवा साहेबाची अरेरावी मुकाट सोसायला ही पद्धत मुळीच सांगत नाही.

हेज यांनी १९८० च्या दशकात लहान प्रयोग केले, ते यशस्वी झाले, आणि मग त्यांनी एक असामान्य गोष्ट केली. प्रचाराला न निघता ते थांबले आणि माणसाला शब्द का टोचतात याचा सिद्धान्त रचण्यात पुढची कित्येक वर्षं घालवली. कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्यासोबतचं त्यांचं मुख्य पुस्तक १९९९ मध्ये आलं. २००२ मध्ये पॅट्रिशिया बाख यांच्याबरोबर त्यांनी आवाज ऐकू येणाऱ्या आणि संशयाने ग्रासलेल्या ८० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर या पद्धतीच्या फक्त चार बैठका दिल्या. पुढच्या चार महिन्यांत पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण या गटात जवळपास अर्ध्यावर आलं. गंमत म्हणजे या रुग्णांनी आपल्याला आवाज ऐकू येतात हे जास्त मोकळेपणाने कबूल केलं, पण त्या आवाजांवर विश्वास कमी ठेवला.

आता दुसरी बाजू. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी २००८ मध्ये या प्रयोगांच्या शिस्तीवर बोट ठेवलं, आणि त्यांचे काही आक्षेप रास्त होते. विचारांची तपासणी करून ते बदलणारी जुनी संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती पॅनिकवर उत्तम चालते, औषधंही चालतात, आणि 'ॲक्ट' त्यांच्यापेक्षा सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. साधारण तेवढीच चालते. मराठी वाचकाला त्याच कुळातली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती प्रा. कि. मो. फडके यांच्यामुळे आणि ठाण्यात १९९० पासून काम करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे चांगली परिचयाची आहे. एलिस म्हणतात, अविवेकी समजुतीशी वाद घाल. हेज म्हणतात, वाद नको, ती समजूत बरोबर घेऊन चाल. कुणाला एक लागू पडेल, कुणाला दुसरी. अडलेल्या माणसाने पद्धतीचं नाव बघत बसू नये, असं मला ठामपणे वाटतं. मात्र जिने भीतीशी वाद घालूनघालून घसा कोरडा केलाय, तिला ही दुसरी वाट आहे हे कुणीतरी सांगायला हवं.

सांगणार कोण? या शोधकथेचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा इथे सुरू होतो, आणि तो अमेरिकेत घडलेला नाही.

युगांडाच्या उत्तर भागात राइनो कॅम्प नावाची निर्वासितांची वसाहत आहे. दक्षिण सुदानच्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या स्त्रिया तिथे राहतात. मानसोपचारतज्ज्ञ तिथे येणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने 'ॲक्ट'वर आधारलेला पाच बैठकांचा कार्यक्रम त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित केला. वीस-तीस जणींच्या गटाने एकत्र बसून तो ऐकायचा, मध्ये थांबून सराव करायचा, आणि सोबत चित्रांचं पुस्तक. गट चालवणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बाया होत्या. १४ वस्त्यांमधल्या जवळपास ७०० स्त्रियांवर याची चाचणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतरही कार्यक्रम घेतलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी होता. त्याच वर्षी संघटनेने ते चित्रमय पुस्तक सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं.

राइनो कॅम्प लांबचं वाटत असेल तर गोवा बघा. १९९६ पासून तिथे 'संगत' ही संस्था काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. समुपदेशन करणारी माणसं स्थानिक होती, मानसशास्त्राची पदवी नसलेली. सहा ते आठ भेटी. सोडून दिलेली कामं, सोडून दिलेली माणसं हळूहळू पुन्हा जोडायची, एवढाच गाभा. तो 'ॲक्ट' नव्हे, पण त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा सख्खा भाऊ. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात, ३० गावांत, डॉ. राहुल शिधये यांच्या 'विश्राम' प्रकल्पाने नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेलं. गावातल्याच माणसांनी दारोदार जाऊन बोलायला सुरुवात केली, म्हणून ते झालं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात चिंता, नैराश्य यांसारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला आहे. हक्क कागदावर आहे आणि सून वाडीच्या कुंपणाआत आहे.

गिरीजला हे अंतर कापणं अवघड नाही. 'सुवार्ता' मासिक जिथून निघतं ते जीवन दर्शन केंद्र याच गावात आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याच 'सुवार्ता'च्या संपादकाच्या खुर्चीवरून वसईला बोलतं केलं, हरित वसईच्या चळवळीसाठी रस्त्यावर उतरवलं. महिला मंडळं आहेत, बचत गट आहेत, प्रत्येक पॅरिशमध्ये हॉल आहे. राइनो कॅम्पमधल्या बायांपाशी यातलं काय होतं? एक खोली, एक ध्वनिमुद्रण आणि शिकलेल्या दोन बाया इथे उभ्या करता येतील. त्यांच्या पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, कारण आत्महत्येचे विचार, आवाज ऐकू येणं, दारूचा विळखा हे गटात सुटणारे प्रश्न नाहीत. अशांना वेळेवर पुढे पाठवावंच लागतं.

हे उभं राहील तेव्हा राहील, तोवर एवढं करा. रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टरांसमोरून उठू नका. "हा पॅनिक असू शकतो का? मला मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्याल का?" असं विचारा. औषध लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील, स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या सुरू करू नका आणि चालू असलेली औषधं बंदही करू नका. बोलण्याच्या उपचारासाठी जाल तिथे पाटीवर समुपदेशक लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. शिक्षण कुठलं, कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती बैठका लागतील, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती मागा. आणि घरच्यांनो, 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य बंद करा. तिच्याबरोबर स्टेशनच्या बाकावर जाऊन बसा.

कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर टेली-मानसला फोन लावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून.